केरबा गुळव्याचं आतडं

छत्तीस वर्षं मी बारामतीत माणसांची पोटं दाबून पाहिली. छाती, डोळे, मोडलेली हाडं, अडलेली बाळंतपणं, सगळंच गावाकडच्या डॉक्टरच्या वाट्याला येतं. पण माझा हात रमला तो पोटावर. छातीला नळी लावली की छाती बोलते. पोट आपण होऊन बोलत नाही. रोग्याला गुडघे दुमडून निजवायचं, आपला हात चोळून कोमट करायचा आणि जिथं दुखतं म्हणतो तिथून सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. नजर मात्र हातावर ठेवायची नाही, रोग्याच्या तोंडावर ठेवायची. तोंडानं तो 'न्हाय दुखत' म्हणत असताना त्याची भुवई काय म्हणते, हे ज्याला वाचता आलं त्याला निम्मं काम आलं.

मी दवाखाना घातला तो एकोणीसशे तीसच्या सुमाराला. गावात वीज नव्हती, क्ष-किरणाचं यंत्र पुण्याखेरीज कुठं नव्हतं. कालव्यानं उसाबरोबर डासही आणले होते, त्यामुळे हाताखाली येणाऱ्या पोटांत हिवतापानं वाढलेल्या पाणथरी, म्हणजे प्लीहा, याच अधिक. त्याच्या खालोखाल आव, जंत आणि विषमज्वर. माझी सारी दौलत म्हणजे पुण्यात जुनी घेतलेली एक पितळी सूक्ष्मदर्शक दुर्बीण. ती पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली असे. आरशानं ऊन पकडून कवडसा काचेखाली सोडायचा. आभाळ आलं की माझं निदान बंद.

या दुर्बिणीनं मला नाव दिलं आणि गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची दिली. इंदापूरचे एक निवृत्त अव्वल कारकून होते. त्यांना मी शौचाचा नमुना आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काचेच्या बरणीत, फडक्यात बांधून, गाठीवर लाखेची मोहोर करून आणला. सोबत कागद: 'नमुना एक, पहाटेचा, स्वतःचा, खात्री केली असे.' मी जंताची अंडी दाखवली तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पाहिल्याचा शेरा मागितला. मी तो लिहून दिला. औषध त्यांनी नंतर घेतलं.

पण आज लिहायचं आहे ते सणसरच्या केरबाविषयी. माझ्या साऱ्या धंद्यात ज्या एका निदानाचा मला खराखुरा अभिमान वाटतो, ते त्याचं. मात्र त्याच्या आधी सांगवीच्या एका बाईचं सांगायला हवं, नाहीतर तो अभिमान खोटा ठरेल.

माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्या घरातली ती बाई, तिशीची. उजव्या कुशीत खाली कळा, दिवसाला चार-पाच जुलाब, तिसऱ्या प्रहरी बारीक ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. कुशीत हाताला बोटभर लांब कठीण गोळा लागत होता. हे सगळं एकत्र आलं की आमच्या पुस्तकात एकच नाव होतं: आतड्याचा क्षय. मी ते नाव नवऱ्याला सांगितलं. दूध, मोकळी हवा, माशाचं तेल लिहून दिलं. घरच्यांनी मोकळ्या हवेचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. मळ्यात छप्पर घालून तिला तिथं ठेवलं. ताट लांबून सरकवत. वर्षाच्या आत ती गेली. तिच्या थुंकीत मला कधी क्षयाचा जंतू दिसला नव्हता, छाती स्वच्छ होती. पण मी पुढं शोधलं नाही. नाव सापडलं की शोध थांबतो, हा आमच्या धंद्यातला मोठा रोग. तिचा नवरा नंतर कित्येक वर्षं बाजारच्या दिवशी माझ्या ओट्यावर वांगी ठेवून जाई. त्याला वाटे, डॉक्टरनं रोग तरी ओळखला.

या गोष्टीला तीनेक वर्षं झाली असतील. श्रावणात एक दिवस दुपारी बैलगाडी दारात थांबली आणि तीतून सणसरचे तात्या उतरले. तात्या म्हणजे उसाचे मोठे बागायतदार, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले, साठीचे, कमी बोलणारे. त्यांच्यामागून दोघांनी धरून एका माणसाला उतरवलं. हाडांवर कातडं ओढलेलं. वय विचारलं तर सत्तावीस. हा केरबा, तात्यांचा गुळव्या.

ज्यांनी गूळ फक्त खाल्ला आहे त्यांना सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओतून चुलवाणावर तासन् तास आटवतात. भेंडीच्या चिकानं मळी वर आणून काढून टाकतात. रस दाटत जातो, रंग पालटतो आणि एक घटका अशी येते की तेव्हाच काहील उतरवली तर कणीदार पिवळा गूळ होतो. आधी उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो. ती घटका ओळखणारा तो गुळव्या. रसाची तार पाहतो, थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी करतो, बुडबुड्याचा आवाज ऐकतो. साऱ्या गुऱ्हाळाची अब्रू त्याच्या बोटांत असते. केरबाच्या बोटांची ख्याती बारामतीच्या अडत्यांपर्यंत होती.

तात्यांनी आडपडदा ठेवला नाही. आधी एका डॉक्टरनं आवेच्या म्हणून सुया टोचल्या होत्या, गुण आला नाही. मग दुसऱ्यानं क्षय म्हटलं आणि ते गावात पसरलं. क्षयी माणसानं हाताळलेला गूळ अडतीत कोण घेणार? दिवाळीनंतर हंगाम. तात्यांना आत्ताच ठरवायचं होतं.

"खरं काय ते सांगा," ते म्हणाले. "क्षय असंल तर मी त्याच्या घरी दाणं पोचवीन, कमी पडू द्यायचो न्हाय. पर मला दुसरा गुळव्या बघाय पायजे."

केरबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं मान वळवली नाही.

मी हात कोमट केला. डाव्या कुशीपासून सुरुवात केली. उजवीकडं खाली आलो आणि थबकलो. तोच बोटभर कठीण गोळा. सांगवीच्या बाईच्या पोटातला.

या वेळी मी नाव घेतलं नाही. तात्यांना म्हणालो, याला माझ्याकडं ठेवा, मला पंधरा दिवस द्या. दवाखान्यामागं एक खोली होती, तिथं केरबा आणि त्याची बायको सोना राहू लागली. मी रोज त्याची थुंकी, शौच, रक्त काचेवर घेऊन खिडकीशी बसे. श्रावणातलं ऊन लपंडाव खेळे. क्षयाचा जंतू नाही. आवेचा नाही. जंतही नाहीत. मग मी नुसती माहिती विचारत गेलो. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं कळ येते, वाकडं व्हायला होतं. तोंडात फोड येतात. कधी घोटे सुजतात. आणि एक गोष्ट तो सांगायला लाजत होता, ती सोनानं दाराआडून सांगितली: दोन वर्षांपूर्वी त्याच्या बैठकीच्या जागी गळू होऊन फुटलं, ते अजून वाहत होतं. आजवर कुणी तिथं पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं. भगंदर होतं.

पुण्याला माझे जुने सर होते, शस्त्रक्रिया शिकवलेले. ते वाचून झालेली परदेशी वैद्यकाची मासिकं वर्षातून दोनदा गठ्ठा बांधून दौंडहून येणाऱ्या लहान आगगाडीनं मला धाडत. त्या गठ्ठ्यात एक लेख मी पूर्वी अर्धवट चाळला होता, तो शोधून काढला. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी लिहिलं होतं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला एक निराळीच सूज येते. आतडं जाड होतं, आतली वाट बारीक होते, ताप येतो, माणूस वाळतो, भगंदरं होतात. सगळं क्षयासारखं दिसतं, पण क्षयाचा जंतू कुठंच सापडत नाही. हा रोग तरण्या माणसांना होतो. औषध ठाऊक नाही. सुजलेला भाग कापून काढला तर काही जण चांगले बरे झाले.

शब्दकोश घेऊन मी तो लेख तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना सांगवीची बाई डोळ्यांसमोर आली आणि पुढचं पान उलटायला मला जरा वेळ लागला.

सरांना पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं: रोग्याला घेऊन ये, पण लक्षात ठेव, तू वाचलेलं तुला दिसतं आहे.

केरबाला घेऊन मी दौंडवरून पुण्याला गेलो. तिथं त्याला बेरियमची पांढरी पेज पाजली आणि ती आतड्यातून उतरत असताना क्ष-किरणानं चित्रं घेतली. सगळं आतडं बोटासारखं जाड दिसत होतं आणि मोठ्या आतड्याला मिळण्याआधी वीतभर लांबीत ती पांढरी रेघ सुतासारखी बारीक. सर ती काच उजेडाकडं धरून बराच वेळ उभे होते. ते म्हणाले, क्षयातही असं दिसतं. पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्या काळी पोट उघडणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. पू झाला तर मारायला पेनिसिलिन नव्हतं. रक्त द्यायची सोय नावापुरती. चांगल्या हातांखालीही माणसं दगावत. मी हे सगळं केरबाला सांगितलं, काही लपवलं नाही. सोना पायथ्याशी बसली होती.

केरबानं विचारलं, "कापल्याबिगर कळणारच न्हाय?"

"नाही."

"आन् न कापता किती दिस?"

मी म्हणालो, वर्ष, कदाचित दोन. आणि तेही असेच.

त्यानं आपली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग म्हणाला, "गूळ झाला का न्हाय ते काहिलीत हात घातल्याबिगर मलाबी सांगता येत न्हाय. तुमी तितं हुबं ऱ्हाणार का?"

मी राहीन म्हणालो. त्यानं सोनाकडं पाहिलं. सोना म्हणाली, मग करा, आणि पदर तोंडावर घेतला.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात सकाळी शस्त्रक्रिया झाली. ईथरचा वास सगळ्या खोलीत भरला होता. मी समोर उभा राहून जखमेच्या कडा आकड्यांनी ओढून धरल्या होत्या. सरांनी आतडं बाहेर घेतलं. शेवटचा दीडेक वीत भाग लालभडक, मोटेच्या भिजलेल्या सोलासारखा, जाड दोरासारखा ताठ. त्याच्यावर चरबीची बोटं चढलेली. लेखात जसं लिहिलं होतं अगदी तसं. क्षयात आतड्याच्या पाठीवर रव्यासारखे पांढरे दाणे असतात. सरांनी बोटानं इंच इंच चाचपलं. दाणा एकही नव्हता. सरांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तोंडावर फडकं बांधलेलं होतं, पण त्या डोळ्यांतली पावती मी आयुष्यभर जपली.

सुजलेला भाग कापला, चांगली टोकं एकमेकांना शिवली. पहिले तीन दिवस ताप आणि उलट्या. मांडीच्या कातडीखाली मिठाचं पाणी भरत होतो. पोट फुगलेलं, आतून आवाज नाही. शिवलेलं आतडं चालू झालं की नाही हे कळायची एकच खूण असते, आणि ती सभ्य माणसांत बोलून दाखवत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी केरबाला वारा सरला. सोना लाजून बाहेर पळाली. मी आणि नर्सबाई एकमेकांकडं पाहून हसलो. चांगला गवई ऐकावा तसा मी तो आवाज ऐकला होता.

आता प्रश्न राहिला होता खात्रीचा. काढलेल्या आतड्याचे पातळ काप दुर्बिणीखाली पाहिले. जंतू नव्हते, पण क्षयात असतात तसे पेशींचे पुंजके इथंतिथं होते. पाहणारे तज्ज्ञ म्हणाले, क्षय नसावा. नाहीच असं लिहून देता येत नाही. अशा वेळी अखेरचा न्याय गिनीपिगाकडं असे. हा सशाच्या पिलाएवढा, शेपूट नसलेला एक परदेशी प्राणी. क्षयाचा जंतू त्याला इतका मानवतो की अगदी थोडे जंतू टोचले तरी सहा-आठ आठवड्यांत त्याच्या अंगभर क्षयाचे दाणे उठतात. केरबाच्या आतड्याचा एक ताजा तुकडा औषधात न घालता, याचसाठी निराळा ठेवला होता. तो वाटून दोन गिनीपिगांना टोचला.

केरबाला घेऊन मी बारामतीला परतलो. सणसरला तो जाऊ शकत नव्हता. गावानं तात्यांकरवी कळवलं होतं, खात्री होईस्तोवर आणू नका. म्हणून पुन्हा माझ्यामागची खोली. दोन महिने काय करायचं म्हणून मी त्याला गिनीपिगांची हकिकत सांगितली. त्यानं ती सोनाला सांगितली, सोनानं विहिरीवर सांगितली, आणि आठवड्याच्या आत साऱ्या बाजारपेठेला ठाऊक झालं की सणसरच्या गुळव्याचा जीव पुण्याच्या दोन जनावरांत आहे. मी रस्त्यानं निघालो की लोक नमस्कार करून आधी जनावरांची खुशाली विचारत.

इकडं केरबा दिसामाशी भरत होता. ताप थांबला. मऊ भात जाऊन भाकरी आली. तिकडं हंगाम सुरू झाला. तात्यांनी दुसरा गुळव्या ठेवला होता, त्याचा गूळ चिकट होऊ लागला. तात्या बाजारच्या दिवशी येत, केरबाला उंबऱ्याबाहेरून पाहून जात. आत येत नसत.

पाचव्या आठवड्यात पुण्याहून पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र. पोस्टमननं ते वाटेत वाचलं होतं. पहिली ओळ अशी होती: 'एक जनावर काल मेले.' पुढं लिहिलं होतं की ते थंडीनं छाती भरून मेलं, कापून पाहिलं, क्षयाचा दाणा कुठंही नाही. पण पहिली ओळ गावभर पोचली आणि पुढच्या ओळी माझ्याचपाशी राहिल्या. दुपारी दवाखान्यात आलो तर केरबा आपलं अंथरूण गुंडाळत होता. सोना शेजारी उभी होती.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"मळ्यात छप्पर घालतो," तो म्हणाला. "तुमच्या घरात ल्हान लेकरू हाय."

मी त्याला खाली बसवलं आणि ते कार्ड शब्दन् शब्द वाचून दाखवलं. त्याला ते पटलं की माझ्यासाठी तो थांबला, हे मला आजही सांगता येणार नाही.

आठ आठवडे पुरे झाले तेव्हा सरांचं बंद पाकीट आलं. दुसरं जनावर धडधाकट होतं, वजनानं वाढलेलं. नियमाप्रमाणं त्याला मारून उघडलं. यकृत, पाणथरी, गाठी, सगळं स्वच्छ. हा क्षय नव्हे. शेवटी सरांनी लिहिलं होतं: 'तू वाचलेलं मलाही दिसलं.'

मी टांगा करून त्याच दिवशी सणसर गाठलं. चावडीपुढं तात्या आणि दहा-वीस मंडळी बसली होती. मी पत्र वाचून अर्थ सांगितला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तात्या म्हणाले, "म्हंजे दोन्ही मेलीच की."

मी समजावलं की दुसरं आम्हीच मारलं, तपासायला मारावंच लागतं. मी हेही सांगितलं की उकळत्या काहिलीत क्षयाचा जंतू तसाही जगत नाही. माना हलल्या, पण त्या माना मला वाचता येत होत्या. भुवया निराळंच सांगत होत्या. एक म्हातारा म्हणाला, डाक्टर शिकल्याला माणूस हाय, त्याचं खरंबी असंल. पर गूळ आमाला खायचा हाय.

मी तात्यांना एकच मागणं केलं. एक काहील केरबाला करू द्या. पहिला गूळ मी खातो, सगळ्यांसमोर. तात्यांनी थोडा विचार करून चार दिवसांनंतरचा दिवस दिला.

घरी येऊन हे यमुनेला, माझ्या पत्नीला, सांगितलं. ती म्हणाली, मीही येते. मला वाटलं, गुऱ्हाळ पाहायची हौस असेल.

त्या दिवशी गुऱ्हाळावर गाव लोटलं होतं, तरी काहिलीपासून सगळे दहा हात लांब. केरबा अजून अशक्तच होता, पण चुलवाणापाशी उभा राहिल्यावर त्याचा कणा सरळ झाला. जाळ कमी करायला, वाढवायला तो नुसत्या हातानं खुणावत होता. रस दाटला, पिवळ्या बुडबुड्यांचा आवाज जड झाला. त्यानं थेंब पाण्यात सोडला, गोळी केली, फेकून दिली. पुन्हा केली, पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा केली आणि म्हणाला, "उतरा." गड्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवल्यावर काहील उतरली, गूळ वाफ्यात ओतला. मध असतो तसा त्याचा रंग होता.

केरबानं पळसाच्या पानावर थोडा गूळ काढून माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. जीभ पोळली, पण असा गूळ मी त्याआधी खाल्ला नव्हता. कुणी पुढं आलं नाही. मागून तोच म्हातारा बोलला, डाक्टर घरी जाऊन औषिद घेत्याल.

तेव्हा यमुना बायकांतून पुढं आली. कडेवर आमची विमल होती, दोन वर्षांची. यमुनेनं केरबापुढं तळहात पसरला. "पोरीला द्या," ती म्हणाली. "जरा निववून द्या."

केरबाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

लेख मी तीनदा वाचला होता. आतडं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन जनावरं आतून स्वच्छ निघाली होती. गूळ उकळून निघालेला होता. भीतीला कुठं जागाच नव्हती; आणि तरीही त्या क्षणी पोरीला मागं ओढून घ्यावंसं मला वाटलं. दुसऱ्याच्या घराविषयी निदान सांगणं आणि आपल्या लेकरावर ते आजमावून पाहणं, यांत किती अंतर असतं ते मला डॉक्टर होऊन आठ वर्षांनी कळलं. त्या गावकऱ्यांचा मला आलेला राग तिथंच गेला.

मी केरबाला म्हणालो, "दे."

त्यानं बोटांवर फुंकर घालून गुळाची लहानशी गोळी केली आणि स्वतःच्या हातानं विमलच्या तोंडात घातली. तिनं ती चघळली आणि आणखीसाठी तोंड उघडलं.

तात्या पुढं आले. पान न घेता त्यांनी केरबाच्या हातातलाच गूळ उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग चरकाकडं वळून म्हणाले, "बैल का थांबवल्याती? दुसऱ्या काहिलीचा रस धरा." एवढंच. त्यानंतर बायका आपापल्या पोरांना पुढं ढकलू लागल्या, आणि मघाचा म्हातारा दोनदा येऊन गेला. त्या हंगामात तात्यांचा गूळ बारामतीच्या अडतीत नेहमीसारखा उचलला गेला.

मी ही सगळी हकिकत इंग्रजीत लिहून मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला धाडली. तीन महिन्यांनी ती परत आली. सोबतच्या पत्रात सभ्य शब्दांत म्हटलं होतं की हा विकार आपल्या देशात आढळत नाही; रोग्याला आतड्याचा क्षयच असण्याचा संभव दिसतो, आणि शस्त्रक्रियेनंतर तो फार काळ जगेल अशी अपेक्षा लेखकानं धरू नये.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. सरांना पत्र दाखवलं, ते हसले. पण मी ते फाडलं नाही. दर वर्षी दिवाळीच्या आधी, हंगाम उभा राहण्यापूर्वी, केरबा मला पोट दाखवायला येई. मधे दोन वर्षं कळा परत आल्या, तेव्हा त्याला महिनाभर अंथरुणावर ठेवून पातळ अन्नावर आणलं. भगंदर कधी पुरतं सुकलं नाही. रोग मी मुळापासून काढला असा दावा मी कधीच केला नाही. माणसाचं वजन करायचा काटा माझ्याकडं नव्हता, म्हणून मी त्याला गुळाच्या अडतीत नेई. हमाल ढेपा उतरवत आणि केरबा पारड्यात चढून बसे. पहिल्या वर्षी एक मण अकरा शेर. दुसऱ्या वर्षी एक मण सतरा शेर. त्या मासिकाच्या पत्राची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी हे आकडे एकाखाली एक लिहीत गेलो.

एकविसाव्या वर्षी ती बाजू भरली. तेव्हापासून मी दुसरा कागद घेतला आहे.